सिव्हिकचं गिअर ऑइल, तीन आठवडे आणि एक कच्चं बिल

आधी गाडीचं सांगते, मग गॅरेजचं. होंडा सिव्हिक, 2009 ची, ऑटोमॅटिक. 2017 साली पुण्याच्या दिरांकडून घेतली तेव्हा 88,000 किलोमीटर झाले होते, आज 1,41,000 च्या पुढे आहे. इतकी बुटकी गाडी सोलापुरात कशाला, असं विचारू नका. आसरा चौकापासून घरापर्यंतचा प्रत्येक स्पीडब्रेकर मला रोज तेच विचारतो. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, क्लच दाबवत नाही, आणि दीर घरच्या भावात देत होते. एवढंच कारण.

दिरांनी इंजिन ऑइल वेळच्या वेळी बदललेलं, सगळ्या पावत्या फायलीत लावलेल्या. गिअरबॉक्सच्या ऑइलची मात्र एकही नाही. मी टॅक्सचं काम करते, नसलेली पावती मला आधी दिसते. दिसली, पण त्यावर मीही इतकी वर्षं काही केलं नाही, हेही खरं.

यंदा एप्रिलमध्ये पारा 43 वर गेला आणि गाडीनं बोलायला सुरुवात केली. सकाळी डीमध्ये, म्हणजे पुढं जायच्या गिअरमध्ये, टाकली की क्षणभर काहीच नाही, मग मागून कुणी ढकलल्यासारखा धक्का. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिनचा आवाज चढायचा, गाडी तिथल्या तिथंच. तुळजापूरला जाताना साठच्या वेगाला अशी थरथर, की मी बाजूला घेऊन टायर बघितले. टायर ठणठणीत होते.

मग मतं गोळा केली. एका मोठ्या, एसी वेटिंगरूमवाल्या वर्कशॉपमध्ये सांगितलं, "मॅडम, हे लाइफटाइम ऑइल असतं, हात लावू नका." घरी येऊन गाडीचं मॅन्युअल काढलं. देखभालीच्या तक्त्यात ट्रान्समिशन फ्लुइड, म्हणजे हेच गिअरबॉक्सचं ऑइल, बदलायची स्वतंत्र ओळ आहे, ठळक छापलेली. दुसऱ्या ठिकाणी मशीन लावून प्रेशरनं सगळं ऑइल एका दमात काढून देतो म्हणाले. त्यांनी इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक, म्हणजे ऑइलची लेव्हल दाखवणारी पट्टी, बघितली आणि "लिटरभर कमी आहे, आत्ताच टाकू या" असा निकाल दिला. नशीब, त्या दिवशी त्यांच्याकडे ऑइल नव्हतं. आणि तिसरं मत आमच्या बिल्डिंगमधल्या प्रत्येकाचं: जुन्या ऑटोमॅटिकचं ऑइल बदललं की गिअरबॉक्स बसतोच.

ज्या गॅरेजबद्दल लिहितेय ते अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यांच्या मागच्या गल्लीत आहे. तिथल्या मिस्त्री मामांनी नाव टाकू नका म्हणून सांगितलंय. खड्डा एकच आहे आणि पोरं दोन, आत्ताच गाड्या रस्त्यावर लावाव्या लागतात. त्या भागात ज्याला ऑटोमॅटिक कळतं असा मिस्त्री विचारलात तर चहावालासुद्धा बोट दाखवेल.

मामा साठीच्या आसपास. पोरांशी तेलुगूत, माझ्याशी मराठीत. मी सगळी कहाणी सांगितली, तर एवढंच म्हणाले, "हितं मागाच्या खटखटीत काय ऐकू येणार ओ ताई, रोडवर चला की." मला चालवायला लावून स्वतः शेजारी बसले. थांबवून एनमधून (न्यूट्रल) डीमध्ये, डीतून रिव्हर्सला, चार-पाच वेळा. मग हळू पिकअप, जोरात पिकअप, साठला धरून ठेवा, सोडा. अर्धा तास. परत आल्यावर इंजिन बंद करायला लावलं आणि मोबाइलवर वेळ लावली. साठ सेकंद झाल्यावर डिपस्टिक काढली. या होंडात गाडी गरम करून, इंजिन बंद केल्यावर एक ते दीड मिनिटाच्या आत लेव्हल बघायची असते. चालू इंजिनवर बरंचसं ऑइल आत फिरत असतं, म्हणून पट्टीवर कमी दिसतं. म्हणजे त्या दुसऱ्या ठिकाणी लिटरभर ओतलं असतं तर ऑइल जास्त होऊन आत फेस झाला असता, आणि फेसावर गिअरबॉक्स चालत नाही. माझ्या गाडीत लेव्हल बरोबर खुणेवर होती.

पट्टीवरचा थेंब त्यांनी पांढऱ्या कागदावर टिपला. नवं ऑइल लाल असतं. हे काळ्या चहासारखं, पण मामांनी वास घेऊन मान हलवली: "जळालेलं नाय. जळका वास आला असता तर मी हात लावला नसता, तुमालाबी सांगितलं असतं, हाय तसं चालवा."

बिल्डिंगमधल्या मताबद्दल विचारलं. ते म्हणाले, ते निम्मं खरं आहे. ऑटोमॅटिकमध्येही आत क्लच प्लेटा असतात, ज्या गिअरबॉक्सच्या त्या आधीच संपल्यात त्यात झिजलेल्या प्लेटांचा भुगा ऑइलमध्ये तरंगतो आणि त्याच्याच जोरावर प्लेटा कशाबशा पकडतात. नवं, स्वच्छ ऑइल घातलं की ती पकड जाते, आणि नाव ऑइलचं येतं. मशीनच्या प्रेशरनं तळाचा गाळ उठून व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे ऑइल हवं तिकडं वळवणाऱ्या भागाच्या, बारीक वाटांत अडकायची भीती वेगळीच. म्हणून मशीन नको. खालचा नट खोलायचा, आपोआप पडेल तेवढंच पडू द्यायचं, तेवढंच नवं भरायचं. आठवडाभर गाडी चालवायची. मग परत. असं तीनदा.

तीनदा का, तर एका वेळी सगळं ऑइल निघतच नाही. साधारण सहा लिटरपैकी अडीच पडतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) आणि आतल्या वाटांत राहतं. मी तिथंच कागदावर मांडलं: पहिल्या वेळी नवं ऑइल 42 टक्के, दुसऱ्या वेळी 66, तिसऱ्या वेळी 80. दर वेळी उरलेल्यातून तेवढाच टक्का कमी, म्हणजे घसाऱ्याचं घटत्या शिल्लक पद्धतीचं गणित, दुसरं काही नाही. आयुष्यभर लोकांच्या यंत्रांचा घसारा काढला, स्वतःच्या यंत्राचा पहिल्यांदाच काढला.

ऑइल होंडाचंच, डीडब्ल्यू-1. माझ्या गाडीच्या वेळी झेड-1 असायचं, त्याच्या जागी हे आलं आणि जुन्या गाडीला चालतं. नवीन होंडा सिटीतल्या सीव्हीटीचं, म्हणजे दुसऱ्या जातीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं, ऑइल वेगळं, ते यात चालत नाही. दुकानात "होंडा ऑटोमॅटिकचं द्या" एवढंच म्हणालात तर काय हातात पडेल सांगता येत नाही, डब्यावरचं नाव वाचा. मला सोलापुरात आठ लिटर एकदम मिळालं नाही. पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या पार्सलनं मागवलं आणि त्यात चार दिवस गेले.

पहिल्या दिवशी मी खड्ड्याशेजारी स्टूल टाकून बसले. मामांनी खालचा नट खोलायच्या आधी वरून ऑइल घालायची जागा मोकळी होते का ते बघितलं. आधी खालून रिकामं केलं आणि मग वरचं उघडेना, तर गाडी तिथंच बसली. ड्रेन नटाला वेगळा पाना लागत नाही, रॅचेटचा चौकोनी दांडाच त्याच्या खाचेत बसतो. नटाच्या टोकाला लोहचुंबक असतं. त्यावर करड्या रंगाचा लेप जमला होता, देवळातल्या बुक्क्यासारखा मऊ. मामांनी तो फडक्यावर पुसला, बोटांत चोळला, बॅटरीच्या उजेडात फडकं फिरवून मला दाखवलं. चकाकणारा एकही कण नाही. असा भुगा एवढ्या किलोमीटरला असतोच. पातळ पापुद्रे किंवा टोचणारा तुकडा सापडला असता तर नट परत लावून मला घरी पाठवणार होते. त्या फडक्यावर मी जितका वेळ नजर लावून होते तितका वेळ माझ्या गुडघ्याच्या एक्स-रेवरसुद्धा नव्हते.

पडलेलं ऑइल त्यांनी पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत भरून मोजलं: दोन पूर्ण, तिसरी निम्मी. नवा वायसर, नट बेताच्या जोरानं, कारण गिअरबॉक्सचं बाहेरचं घर अॅल्युमिनियमचं असतं आणि आटे गेले की भलताच खर्च. मग लांब नळीच्या नरसाळ्यातून तेवढंच नवं ऑइल, हळूहळू. गाडी गरम करून परत तेच साठ सेकंद.

पहिल्या बदलानंतर फरक काय पडला? खरं सांगायचं तर काहीच नाही. घरी सगळ्यांनी "बघ, म्हणत होतो ना" असा चेहरा केला. दुसऱ्यानंतर साठची थरथर गेली. पंढरपूरला जाऊन आले, एकदाही आली नाही. तिसऱ्या वेळी बाटलीत पडलेलं ऑइल कोकमाच्या सरबतासारखं दिसत होतं आणि डीमध्ये टाकतानाचा धक्का आता मला मुद्दाम शोधावा लागतो. दुसरा-तिसरा गिअर मात्र सकाळी गार गाडीत अजून किंचित अडखळतो. तो पूर्ण जाणार नाही, असं मामांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. अॅव्हरेजमध्ये काही फरक नाही.

खर्च: ऑइल आठ लिटर, 850 नं 6,800. तीन वायसर 180. मजुरी प्रत्येक वेळी 500, म्हणजे 1,500. एकूण 8,480. उरलेलं अर्धा लिटर मामांनी न मागता डबा बंद करून डिकीत ठेवलं.

तक्रारी आहेतच. वेळ देतात अकराची आणि गाडी खड्ड्यावर चढते एकला. बसायला एकच स्टूल, तोही पाना हवा असला की उचलून नेतात. फोन उचलत नाहीत, संध्याकाळी सातनंतर स्वतः करतात. आणि पहिल्या वेळी मजुरीचं बिल मिळालं कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागं, पेन्सिलीनं. मी म्हटलं, "मामा, हे मी माझ्याच फायलीत कसं लावू?" ते कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत, आहेत म्हणाले. मग टॅक्स लावायचा नाही हे बरोबर, पण बिल ऑफ सप्लाय, म्हणजे टॅक्स न लावलेलं रीतसर बिल, तर द्यायला हवं ना! दुसऱ्या आठवड्यात परत कॅलेंडरचंच पान. पाचपैकी साडेचार देतेय, अर्धा त्या पानांसाठी कापलाय.

तिसऱ्या आठवड्यात एका पोरानं टेबलाच्या खणातून छापील बिलबुक शोधून आणलं, वरची धूळ झटकली आणि मामांनी चष्मा लावून तिन्ही वेळची मजुरी त्यात मांडली. मे महिना निम्मा संपला होता. नव्या आर्थिक वर्षाचं पहिलं बिल, नंबर 1, माझ्या नावावर आहे.