डीएससी की बँक?

लष्करातला हवालदार पुतण्या निवृत्त होऊन साताऱ्याला परततोय. पुन्हा वर्दी घालू की बँकेत क्लार्क होऊ, विचारतो.

डिफेन्स सिक्युरिटी कोअर (डीएससी) म्हणजे माजी सैनिकांना पुन्हा घेणारं लष्कराचं सुरक्षा दल. काम ओळखीचं: कन्नूरला प्रशिक्षण, मग कुठल्यातरी दारूगोळा डेपोवर पहारा. घर पुन्हा लांबच.

सरकारी बँकांत क्लार्कच्या 14.5 टक्के जागा माजी सैनिकांना. 15 वर्षं सेवा आणि आर्मीचं शिक्षण प्रमाणपत्र असेल तर दहावी पासलाही पदवीची अट आड येत नाही. पेन्शन चालू, वर पगार, नोकरी साठीपर्यंत. पण परीक्षेत घड्याळ लावून गणितं सोडवायची, म्हणजे घामच. शिवाय काउंटरवर हुद्दा चालत नाही; पासबुकात एन्ट्री राहिली की आजीबाई झापतात!

मुलं दहावी-बारावीला असतील तर बँकच. पुस्तक उघडवत नसेल, बराकीशिवाय करमत नसेल, तर डीएससी.