सिव्हिलमधलं आयसीटीसी (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्र): बिनधास्त जा
किस केलं, दुसऱ्याचा टॉवेल वापरला, पब्लिक टॉयलेटला बसलो, आता एचआयव्ही झाला असेल का, या भीतीने रात्र रात्र गुगल करणाऱ्यांनी सरळ इथे जावं. टेस्ट फुकट, आणि आधी समुपदेशक ताई दार लावून सगळं ऐकून घेतात, कपाळाला आठी नाही की हसणं नाही, थुंकीने, घामाने, डास चावल्याने हा व्हायरस पसरत नाही हे इतक्या शांतपणे सांगितलं की माझं अर्धं टेन्शन तिथेच उतरलं. रिपोर्टही गुप्त. बसायला एकच बाकडं आहे, तेवढं सुधारा प्लीज. खरंच कंडोमशिवाय संबंध आला असेल तर मात्र 72 तासांच्या आत सरकारी हॉस्पिटल गाठा, पेपच्या, म्हणजे एचआयव्हीची लागण रोखणाऱ्या गोळ्या तेवढ्यातच सुरू कराव्या लागतात. जायला लाज वाटत असेल तर 1097 ही एचआयव्ही हेल्पलाइन लावा, टोल फ्री आहे.