गायकाच्या साथीला डायटॉनिक की क्रोमॅटिक?

एकट्याने वाजवायचं असेल तर कोणताही माउथ ऑर्गन चालून जातो. साथीला मात्र पट्टी गायक ठरवतो, आणि खरी पंचाईत तिथेच होते.

दहा छिद्रांचा डायटॉनिक एकाच पट्टीत बांधलेला असतो. गाणं पांढरी पाचमध्ये (हार्मोनियमवरच्या पट्टीचं नाव, इंग्रजीत G) असेल तर ब्लूज, म्हणजे अमेरिकन कृष्णवर्णीयांचं दर्दभरं संगीत, वाजवणारे पांढरी एकचा (C) माउथ ऑर्गन उचलतात. त्याच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या छिद्रातून एकदम श्वास आत ओढला की पांढरी पाचचा मेजर कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा मेळ, आयता मिळतो. गायकामागे हलकी लय धरायला एवढा कॉर्ड पुरतो. शिवाय तिसऱ्या छिद्राचा सूर ओढता ओढता दीड सुरापर्यंत खाली वाकवता येतो. ब्लूजचं ते कण्हणं यातूनच येतं. साथीत मात्र ते जपून वापरावं. गायिका दुःखाची ओळ म्हणत असताना मागून आपणही कण्हायला लागलो, तर तिचे शब्दच हरवतात. ओळ संपली, तिने श्वास घेतला, की दोन सूर टाकायचे आणि पुन्हा गप्प. हे क्रोमॅटिकवाल्यालाही चुकलेलं नाही.

डायटॉनिकची अडचण कळते ती ऐन वेळी. ‘घसा बसलाय, अर्धा सूर खाली घेऊ या,’ असं गायक म्हणाला की पांढरी पाचची काळी तीन होते आणि वरच्याच हिशोबाने पिशवीत पांढरी सातचा माउथ ऑर्गन शोधावा लागतो.

क्रोमॅटिकचं बटण दाबलं की प्रत्येक सूर अर्ध्याने चढतो, त्यामुळे बाराही सूर एकाच वाद्यात. पण ‘सगळ्या पट्ट्या वाजतात’ हे अर्धसत्य आहे. काळी तीनमध्ये बोटं आणि श्वास सहज चालायला भरपूर रियाज लागतो. कॉर्ड मोजकेच मिळतात, म्हणून साथ एकेका लांब सुराची. जॅझ किंवा संथ, वळणावळणाच्या चालींना ती फार शोभते. जॅझमधले क्रोमॅटिकवादक टूट्स थीलेमान्स ऐकले की पटेल. वाद्य थंड असेल तर आतल्या झडपा ओलाव्याने चिकटतात, तेव्हा आधी हातात धरून कोमट करा.

ट्रेमोलो या तिसऱ्या प्रकारच्या माउथ ऑर्गनच्या वाटेला साथीसाठी तरी जाऊ नका. त्यात प्रत्येक सुराला एकमेकींशी किंचित बेसूर लावलेल्या, सूर काढणाऱ्या धातूच्या दोन पत्त्या असतात, आणि ते थरथरणं गायकाच्या लांब सुराशी भांडतं.

गाणी जॅझची नसतील आणि सोबत गिटार असेल, तर मी डायटॉनिकच घेईन: पांढरी एक, दोन, चार आणि सहा. ब्लूजवाल्यांच्या त्याच हिशोबाने गिटारवाल्यांच्या आवडत्या बऱ्याच पट्ट्या त्यात येतात.