लालबाग बघायची तर फ्लॉवर शो सोडून जावा, आणि कातळावर आधी चढा

मी बेंगळुरूची लालबाग दोनदा बघितलीय आणि दोन्ही वेळा एकाच बागेत गेलो होतो यावर विश्वास बसत नाही इतका फरक होता, म्हणून हे लिहायला बसलोय. आपल्या बेळगावकडनं दर महिन्याला किती माणसं कामासाठी बेंगळुरूला जातात, कुणाचं कोर्ट, कुणाचं हॉस्पिटल, कुणाच्या पोराची ॲडमिशन, आणि काम झालं की अर्धा दिवस हातात उरतो तो मॉलमध्ये नाहीतर स्टेशनसमोरच्या मॅजेस्टिक भागातल्या लॉजवर लोळून घालवतात. त्यांच्यासाठी हे खास.

पहिल्यांदा गेलो ते पाच-सहा वर्षांमागं, गल्लीतली पंधरा-वीस माणसं मिळून एका ट्रॅव्हल्सवाल्याची म्हैसूर-बेंगळुरू टूर घेतली होती. नेमका ऑगस्टमधला फ्लॉवर शो चालू. गाडी गेटपासून लांब थांबवली, चाळीस मिनिटात परत या म्हणाला, आणि आम्ही पुढच्या माणसाच्या पाठीला चिकटून ग्लास हाऊसपर्यंत गेलो आणि तसेच परत आलो. फुलांपेक्षा वर धरलेले मोबाईलच जास्त दिसले. आई तर गुडघ्यांमुळं गाडीतनं उतरलीच नाही. पैसे भरून बाग न बघता आलो याचं मला तेव्हापासून फार वाईट वाटत होतं, विशेषतः आईसाठी.

आता गेल्या महिन्यात पुतणीच्या ॲडमिशनचं काम निघालं तेव्हा ठरवूनच आई-बाबांना बरोबर घेतलं. रात्री राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये बसलो, सकाळी लवकर बेंगळुरूला उतरलो, स्टेशनच्या क्लोकरूममध्ये बॅगा टाकल्या आणि तिथनंच मॅजेस्टिकची मेट्रो धरली. ग्रीन लाईन, सिल्क इन्स्टिट्यूटच्या बाजूला जाणारी, चिकपेट, के आर मार्केट, नॅशनल कॉलेज आणि मग लालबाग. चौथं स्टेशन. रिक्षाशी घासाघीस नाही, ट्रॅफिक नाही, लिफ्ट आहे, स्टेशनातनं बाहेर पडलं की बागेचं पश्चिम गेट जवळच. वार मंगळवार होता.

बाग 240 एकरांची आहे हे आधी डोक्यात ठेवा, कारण आपल्याकडं बाग म्हणजे एक चक्कर मारली, पोरांना घसरगुंडीवर बसवलं, भेळ खाल्ली, झालं. हितं तसं होत नाही. हैदर अलीनं 1760 मध्ये सुरू केली तेव्हा म्हणे चाळीस एकर होती, सिरा गावच्या मोगली बागेवरनं त्यानं ती आखली, मग टिपूनं लांब लांबच्या देशांतनं बिया आणि रोपं मागवली, पुढं 1856 मध्ये सरकारी बोटॅनिकल गार्डन झाली आणि वाढत गेली. म्हाताऱ्या माणसांना घेऊन सगळी बघायचा हट्ट धरू नका. बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या आहेत, आम्ही एका बाजूला गाडी आणि दुसऱ्या बाजूला चालत असं केलं, ते बरं पडलं.

आता मुख्य गोष्ट. कातळ.

माझे बाबा गवंडी. बेळगावच्या वडगावात, शहापुरात, अनगोळात त्यांच्या हातची किती घरं उभी आहेत ते त्यांनाही मोजून सांगता येणार नाही. पंचेचाळीस वर्षं जांभ्याचा चिरा आणि काळा दगड यांच्यातच गेली. बागेत शिरल्यापासून ते झाडांकडं आपले बघायचं म्हणून बघत होते, खरं तो कातळ दिसला आणि माणूस एकदम बदलला. झाडं संपतात आणि समोर उघडाबोडका खडक, हत्ती बसल्यासारखा, वर एक छोटा बुरूज. बाबांनी खाली चप्पल काढली. मी म्हटलं बाबा चप्पल असू दे, पाय भाजतील, तर म्हणाले, "सकाळचा दगड गार असतो रे, बघ की हात लावून."

मग ते उकिडवे बसले आणि दगडावर तळहात फिरवत राहिले, सुना-पोरी साडीचं पोत बघतात ना तसा. पांढरट आणि करडे पट्टे आहेत त्या दगडात, कुठं सरळ, कुठं पिळ्यासारखे वळलेले, पीठ मळताना दोन रंग मिसळावेत तसे. बाबा बोटानं एक पट्टा धरून पार पुढंपर्यंत गेले. म्हणाले, हा दगड एकदा मऊ होता. मी काहीच बोललो नाही. तिथं पाटी आहे, पुतणीला शाळेत कन्नड होतं त्यामुळं तिनं ती घडाघडा वाचली आणि आजोबांना मराठीत सांगितली. बाबा कन्नड बोलतात, वाचता येत नाही, आपल्याकडच्या त्या पिढीचं बहुतेक असंच. पाटीवर लिहिलंय ते असं की हा द्वीपकल्पीय नाईस (gneiss) नावाचा खडक आहे, वय सुमारे 300 कोटी वर्षं, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक केलंय. या जातीच्या खडकाला हे नाव म्हैसूर राज्याच्या भूगर्भ खात्यातल्या स्मीथ नावाच्या माणसानं 1916 मध्ये दिलं. पृथ्वीच्या पोटात खोलवर, प्रचंड उष्णतेत आणि दाबाखाली जुना खडक परत भाजला जातो आणि त्याचे असे पट्टे पडतात. म्हणजे बाबा बोलले ते बरोबरच होतं, एकेकाळी तो मऊच होता.

बाबांनी विचारलं, आपला काळा दगड किती वर्षांचा. पुतणीनं मोबाईलवर बघितलं, दख्खनचा बेसाल्ट, लाव्हा थंड होऊन झालेला, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास. आणि जांभा त्या काळ्या दगडाचीच झीज होऊन होतो, म्हणजे त्याच्याहून धाकटा. बेळगाव त्या लाव्ह्याच्या पठाराच्या दक्षिणेकडच्या काठावर आहे, काळा दगड आपल्या भागातच संपत येतो आणि दक्षिणेला गेलं की हे असले जुने खडक सुरू होतात. बाबा थोडा वेळ गप्प बसले मग म्हणाले, "म्हणजे मी जन्मभर पोरासोरांबरोबरच काम केलं की. हा खरा म्हातारा."

तिथं रोज फिरायला येणारे एक आजोबा बसले होते, त्यांनी कन्नडमध्ये विचारलं कुठनं आलात. बाबा म्हणाले, "बेळगाविंद बंदीवि." मग दोघं अर्धा तास बोलत बसले. ते म्हणाले आम्ही ह्याला बंडे म्हणतो, लहानपणी ह्याच्यावरनं घसरगुंडी खेळायचो. बाबांनी त्यांना जांभा कसा ओला असताना खाणीतनं चौकोनी कापून काढतात आणि उन्हात वाऱ्यावर कसा कडक होतो ते हातवारे करून सांगितलं. मी बाबांना अनोळखी माणसाबरोबर इतकं मोकळं बोलताना फार वर्षांनी बघितलं.

वरचा बुरूज केंपेगौडांचा. 1537 मध्ये पहिल्या केंपेगौडांनी शहर वसवलं आणि त्यांच्या घराण्यानं चार दिशांना चार बुरूज उभे केले, शहर इथपर्यंत वाढेल म्हणून, अशी गोष्ट सांगतात. आज त्या बुरुजापाशी उभं राहून कुठल्याही बाजूला बघा, नजर जाईल तिथपर्यंत इमारतीच इमारती. आपण सीमाभागातली माणसं, हद्द हा शब्द आपल्या घरात लहानपणापासून ऐकलेला, त्यामुळं हद्दीची खूण म्हणून बांधलेला बुरूज गावाच्या पार मधोमध आलेला बघून मी बराच वेळ तिथं उभा राहिलो.

ऊन वर यायच्या आत कातळावर जाऊन या. सावली अजिबात नाही, अकरा वाजता दगड तापतो, आणि पाऊस पडून गेलेला असेल तर म्हाताऱ्यांना नेऊच नका, उतार निसरडा होतो. आईला आम्ही खालीच बाकावर बसवलं होतं.

आईचं खरं मन लागलं ते पांढऱ्या सावरीपाशी. सुमारे दोनशे वर्षांचं झाड आहे म्हणतात. त्याच्या बुंध्याला मुळांच्या भिंती फुटल्यात, माणसाच्या उंचीच्या, दोन भिंतींच्या मध्ये एक खाट मावेल एवढी जागा. आई म्हणाली, माझ्या आईकडं सावरीच्या कापसाची उशी होती, साध्या कापसापेक्षा हलकी, डोकं ठेवलं की बुडायचं. कुंपणापाशी उभी राहून ती त्या झाडाकडं बघत राहिली, गुडघ्याची आठवणसुद्धा काढली नाही.

ग्लास हाऊसबद्दल माझं मत सांगतो. फ्लॉवर शो नसताना ते रिकामं असतं आणि तेव्हाच ते दिसतं. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचा नमुना डोळ्यासमोर ठेवून बांधलंय, 30 नोव्हेंबर 1889 ला इंग्लंडचा राजपुत्र अल्बर्ट व्हिक्टर यानं पाया घातला, बिडाचे खांब आणि वर सगळी काच. शोच्या वेळी त्यात फुलांचे मनोरे, देखावे असतात, 26 जानेवारी आणि 15 ऑगस्टच्या सुमाराला, ते चांगलं असतंच, मेहनतही प्रचंड असते, पोरांना आवडतं. खरं त्या दहा-बारा दिवसांत झाडाखाली उभं राहायला जागा मिळत नाही आणि लालबाग ही झाडांची जागा आहे. ज्याला बेंगळुरूला एकदाच जायला जमणार त्यानं शो टाळावा, हे मी जबाबदारीनं सांगतो.

आणखी एक गोष्ट आपल्या माणसांना आवडेल. 1908 पासून या बागेची जबाबदारी क्रुम्बिगेल नावाच्या जर्मन माणसाकडं होती. लंडनच्या क्यू गार्डनमध्ये काम केलेला हा माणूस हिंदुस्थानात पहिल्यांदा आला तो आपल्या सयाजीराव गायकवाडांकडं, बडोद्याला. तिथनं पुढं म्हैसूर संस्थानात गेला. बेंगळुरूच्या रस्त्यांवर अशी झाडं लावायची की एकाचा बहर संपला की दुसऱ्याचा सुरू व्हावा, वर्षभर कुठं ना कुठं फूल दिसावं, ही कल्पना त्याची. तो 1956 मध्ये वारला आणि बेंगळुरूमध्येच त्याला पुरलं. झाड लावताना पन्नास वर्षांनंतरच्या रस्त्याचा विचार करणारी माणसं होती ती.

बऱ्याच झाडांना नावाच्या पाट्या आहेत, शास्त्रीय नाव, मूळ देश. मी रोज सकाळी बेळगावात टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या आवारात फिरायला जातो, तिथं एवढी जुनी झाडं आहेत आणि त्यातली चार-पाच सोडली तर मला नावं माहीत नव्हती. आल्यापासून पुतणी आणि मी रविवारी दोन-दोन झाडं ओळखायला लागलोय. अकरा झालीत.

खाण्याचं थोडक्यात. लालबाग रोडवर एमटीआर आहे, मावळ्ळी टिफिन रूम्स, 1924 पासूनचं. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेना तेव्हा रव्याची इडली करून बघितली ती यांनीच, आणि ती खायलाच जायचं. नंबर लावून थांबावं लागतं, सुट्टीच्या दिवशी बरंच. इडलीवर काजू, बाजूला बटाट्याचं सागू म्हणजे पातळ भाजी, आणि छोट्या वाटीत तूप. आपल्याकडच्या चटणीच्या सवयीला तिखट कमी वाटेल, बाबांना वाटलंच, खरं तूप ओतल्यावर त्यांनी दुसरी मागवली. फिल्टर कॉफी सोडू नका. बागेतच हॉपकॉम्सचं दुकान आहे, शेतकऱ्यांची सहकारी संस्था, तिथं द्राक्षाचा ज्यूस प्यायलो, स्वस्त आणि ताजा.

वेळ उरला तर कब्बन पार्क पण आहे, 1870 चं, मेट्रोनंच जाता येतं, विधानसौधच्या बाजूला. छान सावली आहे, बसायला उत्तम. खरं एकच निवडायचं असेल तर मी लालबागच म्हणेन, कारण तो कातळ दुसरीकडं नाही.

बाकी, सकाळी सहाला बाग उघडते, सातच्या आत आत शिरा. तिकीट लागू शकतं, कॅमेऱ्याचं वेगळं, सुट्टे पैसे जवळ ठेवा. पाण्याची बाटली, टोपी, आणि म्हाताऱ्या माणसांसाठी बसायला एखादी जुनी चादर. कमीत कमी तीन तास काढा, चार असतील तर तळ्याकडनंही या, सकाळी तिथं पाणकावळे पंख पसरून बसलेले असतात. टूरवाल्याबरोबर जात असाल तर लालबागला किती वेळ देणार ते पैसे भरायच्या आधी विचारून घ्या. आई-बाबांनी परत जायचं ठरवून टाकलंय, हिवाळ्यात गुलाबी टॅबेबुया फुलतो तेव्हा. पुतणी आता तिथंच हॉस्टेलला जाणार आहे, बहर आला की फोन करते म्हणालीय, तिकीट तेव्हा काढायचं. फक्त 26 जानेवारीचा आठवडा नको, हे आईनं आत्ताच बजावून ठेवलंय.