हँडलचे चार बोल्ट : आठ महिने, साडेनऊ हजार किलोमीटर

मोटारसायकलचं हँडल धरून ठेवणाऱ्या चार बोल्टांवर एवढं काय लिहायचं, असं वाटणाऱ्यानं आधी खताची दोन पोती मागं बांधून पांदणीनं जावं आणि उतारावर समोरचा ब्रेक दाबावा. माझं हँडल तेव्हा पुढं झुकलं. पडलो नाही, पण क्लचचा दांडा बोटांखालून निसटून खाली गेला, आणि पुढचे दोन दिवस गाडीवर बसायची इच्छा झाली नाही.

आमचं गाव दारव्ह्याजवळ. शकुंतला रेल्वे बंद पडल्यापासून यवतमाळला जायचं तर यष्टी नाहीतर स्वतःची गाडी, आणि वावरात जायला तेवढी यष्टीही नाही. म्हणून आखाजीला नवी १२५ सीसी घेतली. गाडीत काही खोट नव्हती. खोट मी स्वतः पैसे देऊन बसवून घेतली. शोरूममध्येच मोबाइल होल्डर लावून घेतला, हँडलच्या क्लॅम्पवर पट्टी टाकून बसवतात तो. पोट्ट्यानं चारही बोल्ट काढले. पुढं कंपनीचेच दोन परत लावले, मागं होल्डरच्या डब्यातले दोन लांब बोल्ट आणि स्प्रिंग वायसर टाकले, म्हणजे एका जागी कापलेली चकती, बोल्ट आवळला की दबून सपाट होते ती. पाच मिनिटांचं काम. मी चहा पीत होतो, पाहिलंच नाही.

हँडल हललं तेव्हा पुन्हा शोरूमला गेलो. पान्याला पाइप लावून आवळून दिलं. "काका, पक्कं झालं, आता हालणार नाही." आठवड्यात परत तेच. दुसऱ्यांदा आवळताना पुढचा उजवा बोल्ट गोल गोल फिरायला लागला, म्हणजे आटे गेले. इकडचे मिस्त्री चुडी गेली म्हणतात. बोल्ट बाहेर काढला तर त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळलेली होती. त्यानंतर मी गाडी त्यांच्याकडं नेली नाही.

खरं कारण पुतण्यानं शोधलं. तो पॉलिटेक्निकला आहे. मागच्या बोल्टाकडं वाकून पाहिलं अन् म्हणाला, "काका, हे वायसर तं दबलंच नाही." बोल्ट पान्यानं घट्ट लागत होता, पण स्प्रिंग वायसरचं तोंड उघडंच. मग आम्ही खराट्याची काडी भोकात घालून खोली मोजली : २१ मिमी, आणि भोक खालून बंद. क्लॅम्पची वरची टोपी १४ मिमी जाड, टोपीखालची फट २, वायसर २. डब्यातला बोल्ट ४० मिमीचा. म्हणजे त्याला खाली २२ मिमी जागा हवी होती आणि होती २१. बोल्ट भोकाच्या तळाला टेकून घट्ट बसत होता, टोपी मात्र दबतच नव्हती. सगळं हँडल पुढच्या दोन बोल्टांवर होतं, आणि त्यांच्या डोक्याखाली होल्डरची पट्टी आल्यामुळं त्यांचीही पकड कमी झाली होती. त्यांच्यावर पाइप लावून जोर केल्यावर ॲल्युमिनियमचे आटे किती टिकणार?

दारव्ह्याच्या लेथवाल्यानं पुढच्या उजव्या बोल्टाचं आटे गेलेलं भोक मोठं करून हेलिकॉइल बसवलं. ही स्टीलच्या तारेची स्प्रिंग असते, तिच्यातच नवे आटे तयार मिळतात. २५० रुपये घेतले. आठ महिन्यांत त्याच भोकानं सगळ्यांत कमी त्रास दिला, ॲल्युमिनियमच्या मूळ आट्यांपेक्षा ते मजबूत आहे.

बोल्ट मात्र दोनदा घेतले. आधी ऑनलाइन स्टेनलेसचा सेट मागवला, फोटोत फार देखणा दिसत होता. डोक्यावर ए२-७० लिहिलेलं. ए२-७० म्हणजे ताण सोसायची ताकद ७०० मेगापास्कल, आणि कंपनीच्या ८.८ बोल्टाची (हाही डोक्यावरचा ताकदीचा आकडा) ८००. शिवाय स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम एकत्र ओले राहिले की ॲल्युमिनियम गंजतं, पावसाळ्यात तर नक्कीच. तो सेट कपाटात पडून आहे. मग यवतमाळला नट-बोल्टच्या दुकानात गेलो. दुकानदार त्याहून कडक १२.९ चे पुढं करत होता, "हे घ्या ना भाऊ, जिंदगीत तुटनार नाही." तुटायचा प्रश्नच नव्हता. बोल्ट कितीही कडक घेतला तरी आधी जाणार ते ॲल्युमिनियमचे आटे. मी ८.८ चेच चार घेतले : ८ मिमी जाड, आट्या-आट्यांत १.२५ मिमी अंतर, ३० मिमी लांब, ६ च्या ॲलन कीचे. जाताना कंपनीचा एक जुना बोल्ट खिशात नेला होता आणि त्याच्यासोबत आटे जुळवून पाहिले. ८ मिमीत १ मिमी अंतराच्या बारीक आट्यांचेही बोल्ट मिळतात. पहिल्या दोन फेऱ्या ते जातात, नंतर भोकाचं वाटोळं करतात. होल्डर आता आरशाच्या दांडीवर आहे.

आवळण्याचा भाग मला जास्त आवडला. गाडीच्या पुस्तिकेत आवळायचा जोर २४ न्यूटन-मीटर दिलाय, आणि जोर मोजून आवळणारा टॉर्क पाना गावात कोणाकडं? पण कापसाच्या वेचणीला लागणारा लटकता काटा घरोघरी आहे, आणि जूनमध्ये तो रिकामाच लोंबत असतो. १० लिटर पाण्याचा कॅन लटकवून आधी काटा तपासला, रिकाम्या कॅनचं वजन सोडून. मग ॲलन सॉकेटच्या लांब दांड्यावर बोल्टापासून २५ सेंटिमीटरवर खूण केली, तिथं काट्याचा हूक अडकवला आणि दांड्याशी काटकोनात १० किलो दिसेपर्यंत ओढलं. साधारण साडेचोवीस न्यूटन-मीटर होतात. हाताला ते फार हलकं वाटतं. पुतण्या म्हणाला अजून थोडं ओढा, मी नाही ओढलं.

क्रमही पुस्तिकेतलाच. टोपीवरचा ठिपका पुढं, हँडलवरची खूण क्लॅम्पच्या सांध्याला जुळवलेली. आधी पुढचे दोन बोल्ट, पुढची फट बंद होईपर्यंत, नंतर मागचे. मागं फट राहतेच, ती राहू द्यायची असते. काही गाड्यांना दोन्हीकडं सारखी फट ठेवायला सांगतात, त्यामुळं माझं पाहून करू नका, आपली पुस्तिका उघडा. पहिले ३०० किलोमीटर झाल्यावर पुन्हा काटा लावला, एकच बोल्ट जरासा फिरला.

त्यानंतर प्रत्येक बोल्टाच्या डोक्यापासून टोपीपर्यंत मुलीच्या नेलपॉलिशनं रेघ ओढली. बोल्ट ढिला झाला तर रेघ तुटलेली दिसते. खरिपाचा गारा, फवारणीचा पंप पाठीवर घेऊन केलेल्या चकरा, जिनिंगपर्यंतचे खड्डे, एकदा बांधावरून घसरलेली गाडी. चारही रेघा अजून सलग आहेत.

तक्रार एकच. काळ्या बोल्टांच्या डोक्यातल्या खळग्यात पाणी साचतं, श्रावण संपेपर्यंत आत लाल गंज धरला होता. आता खळग्यात ग्रीस भरून ठेवतो. दिसायला घाण, आणि ग्रीसवर धूळ बसून ॲलन की लावायच्या आधी काडीनं कोरावं लागतं. रबरी टोप्या मिळतात म्हणे, दारव्ह्यात दिसल्या नाहीत.

बाकी गावातल्या तीन गाड्यांचे बोल्ट आम्ही याच पद्धतीनं आवळून दिले. त्यातल्या एकीला मागं ४० मिमीचेच निघाले, तोच होल्डर, तसलाच डबा. दिवाळीनंतर मात्र हे काम बंद ठेवावं लागलं. बाया वेचून आल्या, ओट्यावर गाठोडी ठेवून उभ्या राहिल्या, आणि घरातून आवाज आला, "काटा कुठी ठेवला तुमी?" तो गाडीच्या हँडलला लटकत होता.