सॅलरी, वेज की स्टायपेंड?

इंग्रजीत नेमणुकीचं पत्र लिहिताना पगाराला कोणता शब्द घालावा, इथे बरेच जण अडतात. दरमहा ठरलेली रक्कम असेल तर सॅलरी, रोजावर किंवा तासांवर हिशेब असेल तर वेज, शिकाऊ उमेदवार असेल तर स्टायपेंड. एवढ्यावर बहुतेक ठिकाणी निभावतं.

सॅलरीची एक गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते: रोमन सैनिकांना पगारात मीठ मिळायचं. मिठाचं नातं खरं आहे. मूळ लॅटिन शब्द 'सालारियुम', आणि 'साल' म्हणजे मीठ. पण सैनिकांना पगार म्हणून मीठ वाटल्याचा पुरावा जुन्या लेखनात सापडत नाही. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी हा शब्द मिठावरून आल्याचं ओझरतं सांगतो. कसा आला, ते सांगत नाही. आपल्याकडे तर 'खाल्ल्या मिठाला जागणं' रक्तात भिनलेलं, त्यामुळे ही गोष्ट चटकन पटते. तरी ती पुढे सांगू नये असं मला मनापासून वाटतं, कारण तिच्यामुळे सैनिकांचा खरा शब्द झाकला जातो. त्यांच्या पगाराला रोममध्ये 'स्तिपेंदियुम' म्हणत. त्यात नाणं आणि तोलून देणं असे दोन अर्थ जोडले आहेत. त्याचाच आजचा स्टायपेंड. सैन्याचा पगार होता तो शब्द आज शिकाऊ पोरांच्या हाती आला आहे!

वेज जर्मानिक भाषांच्या घराण्यातला, फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेला. मूळ अर्थ गहाण, हमी. पैजेचा 'वेजर' आणि 'एंगेजमेंट' ही त्याचीच भावंडं. (आपला 'पगार' पोर्तुगीजांकडून आला, 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणं.)

कायद्यात मात्र ही सरळ विभागणी टिकत नाही. १९६१ च्या आयकर कायद्याने सॅलरीच्या व्याख्येत वेजेस घेतले, तर २०१९ च्या वेतन संहितेने वेजेसच्या व्याख्येत सॅलरी. म्हणून पत्र ज्या कायद्याखाली जाणार, त्याचाच शब्द घ्या: कामगार कायद्याच्या कागदांत वेजेस, आयकराच्या कागदांत सॅलरी. शिकाऊ उमेदवाराच्या पत्रात स्टायपेंडच लिहा, १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यातही तोच शब्द आहे. तिथे सॅलरी लिहिलंत, तर त्याला नोकरीच दिल्याचा समज होऊ शकतो.