ग्रीक-लॅटिन मुळातून वाचायचंय: लोएब, ऑक्सफर्ड की पर्सियस?

घरी बसून ग्रीक-लॅटिन शिकणाऱ्याने सुरुवातीला ऑक्सफर्ड क्लासिकल टेक्स्ट्स या मालेतली पुस्तकं विकत घेऊ नयेत. त्यांत भाषांतर नसतं, प्रस्तावना बहुतेकदा लॅटिनमध्ये असते आणि पानाच्या तळाशी पाठभेद दिलेले असतात. भांडारकर संस्थेच्या महाभारताची चिकित्सक आवृत्ती पाहिली असेल, तर ही मांडणी ओळखीची वाटेल. कोणत्या हस्तलिखितात कोणता शब्द आहे, हा प्रश्न पडू लागला की ऑक्सफर्डच्या आवृत्तीला पर्याय नाही. त्याआधी ती नुसती कपाटात राहते.

लोएब मालेत डाव्या पानावर मूळ, उजव्या पानावर इंग्रजी. हिरवं पुस्तक ग्रीक, लाल लॅटिन. माला १९१२ पासून निघते आहे. जुने खंड इंटरनेट अर्काइव्हवर फुकट मिळतात, पण साल बघून घ्या: 'ओडिसी'चं मरेकृत भाषांतर १९१९चं, जुनाट इंग्रजीतलं, १९९५ची सुधारित आवृत्ती बरीच सुबोध आहे. लोएबचा खरा धोका म्हणजे नजर आपसूक उजवीकडे जाते. ते पान कागदाने झाका, दहा ओळी स्वतः लावा, मगच ताडून पाहा.

टफ्ट्स विद्यापीठाचं पर्सियस हे ग्रीक-लॅटिन ग्रंथांचं संकेतस्थळ फुकट आहे. शब्दावर क्लिक केलं की त्याचं रूप आणि कोशातला अर्थ दिसतो. मात्र तिथे गाफील राहू नका. व्हर्जिलच्या 'ईनिड' या लॅटिन महाकाव्याच्या पहिल्याच ओळीतला 'कानो' घ्या. छापील मजकुरात स्वरांचं ऱ्हस्व-दीर्घ दाखवलेलं नसतं, म्हणून यंत्रापुढे दोन शक्यता येतात: 'मी गातो' हे क्रियापद, आणि 'पिकल्या केसांचा' या विशेषणाचं एक रूप. निकाल वृत्त देतं. त्या जागी पहिलं अक्षर ऱ्हस्वच हवं, म्हणजे क्रियापद. यंत्राने पुढे केलेला पर्याय तसाच उचलला तर अशा जागी वाक्य बिघडतं. अर्थाच्या छटा आणि उदाहरणं हवी असतील तर शिकागो विद्यापीठाचं लोगिऑन उघडा. अनेक कोश एकत्र आणि तेही मोफत.

पीएचआय (पॅकार्ड ह्युमॅनिटीज इन्स्टिट्यूट) या संस्थेच्या संकेतस्थळावर साधारण इ.स. २०० पर्यंतचं लॅटिन साहित्य शोधता येतं, पण तिथे ना भाषांतर ना कोश. ग्रीकसाठी टीएलजी (थेसॉरस लिंग्वे ग्रेके) हा ग्रंथांचा सर्वांत मोठा ऑनलाइन साठा. पूर्ण वापराला वर्गणी लागते, ती संस्थेमार्फत मिळाली तर उत्तम. निवडक ग्रंथ आणि लिडल-स्कॉटचा ग्रीक-इंग्रजी कोश मात्र वर्गणीशिवाय पाहता येतो.

पैठण, तेर, सोपारा, कल्याण यांच्या उल्लेखांसाठी 'पेरिप्लस' हा सागरी व्यापाराची माहिती देणारा प्राचीन ग्रीक ग्रंथ वाचायचा असेल, तर कॅसनची १९८९ची आवृत्ती शोधा. ग्रीक मूळ, इंग्रजी भाषांतर आणि टीपा एकाच ग्रंथात आहेत. पैठण-तेर कलम ५१मध्ये, सोपारा-कल्याण ५२मध्ये.

खर्च एकाच पुस्तकावर करायचा असेल, तर आवडत्या लेखकाचा लोएबचा एक नवा खंड घ्या आणि शेजारी लोगिऑन उघडं ठेवा.